आंबवणीचं पाणी

मोसंबीच्या बागेचं पाणी हिवाळ्यात तोडतात, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. पाणी तोडलं की झाड घाबरतं, पानं पिवळी पडतात, थोडी गळतात. मग पाणी सोडलं की तेच झाड अंगभर फुलतं. याला ताण देणं म्हणतात. जालन्याच्या आसपास ज्याच्या शेतात मोसंबी आहे, तो दरसाल बागेला ताण देतो. पण बागेबाहेरच्या जगालाही ताण देणारी बाई मी एकच पाहिली. ती आमची शेजारीण कौसाजिजी.

परवा इथं जालन्यात हातगाडीवर मोसंब्या दिसल्या आणि मी गाडीवाल्याला भाव विचारला. मोठ्यानं विचारला. घरी येईपर्यंत मग जिजीच आठवत राहिली. मी चौथीपर्यंत शिकले. चारचौघांत बोलायची मला लाज वाटते. लिहायची वाटत नाही, कारण लिहिताना समोर कुणी नसतं.

आमचं गाव अंबडकडे. लग्न होऊन मी तिथं आले तेव्हा आमच्या आणि जिजीच्या घरांमध्ये एक बोळ होता, आणि त्या बोळातून जिजी दिवसातून कितीदा यायची याचा हिशेब कुणी ठेवला नाही. ठेंगणी बाई, हिरवं नऊवारी, तोंडात कायम लिंबाची काडी. ती काडी न काढता बोलायची, त्यामुळे तिचं बोलणं अर्ध्या तोंडातून यायचं, पण कमी यायचं नाही. कोणतीही गोष्ट बघताना ती मान वाकडी करून एका डोळ्यानं बघायची, कोंबडी दाणा बघते तशी. मग काडी या गालातून त्या गालात जायची आणि जिजी म्हणायची, "यातबी शिकण्यासारखं हाये बरं का."

तिला कशातूनही शिकता यायचं. एकदा माझ्या घरी कुकर चढला होता आणि त्याची शिट्टी अडकली. मी घाबरून बाहेर पळाले. जिजी आत गेली, गॅस बंद करून आली आणि ओट्यावर बसली.

"बघ सुमे, कुकर शिट्ट्या मारतो तवर भ्यायचं काम न्हाई. गप बसला की भ्यावं. तुझे नाना गप असतात. म्हणून मी त्याहिच्यावर ध्यान ठेवून राह्यले."

नाना म्हणजे तिचे मालक. त्यांच्याविषयी पुढे येईलच, कारण ते स्वतःहून कधी पुढे येत नसत.

दुसऱ्या दिवशी तिच्या घरात मांजर चुलीजवळ डोळे मिटून बसलं होतं. जिजीनं त्याच्यापुढे वाटीभर दूध ठेवलं आणि मला म्हणाली, "बघ, कसं गप बसलंय. गप बसणाऱ्याला बराबर मिळतं."

मी हळूच म्हणाले, "पण जिजी, काल तर तू म्हणालीस की गप बसणाऱ्याला भ्यावं."

"काल कुकर होता," जिजी म्हणाली. "आज मांजर हाये."

असं तिचं शिकणं. रोज नवं आणि कालचं पुसून. पण ताणाचं शिक्षण मात्र तिनं कधी पुसलं नाही. ते तिला बागेतून मिळालं होतं, आणि बागेनं तिचं घर बांधलं होतं, लेकीचं लग्न केलं होतं. त्यामुळे जे फुटत नाही, फळत नाही, ऐकत नाही, त्याला ताण द्यावा, हा तिचा सगळ्या आजारांवरचा काढा होता.

तिची एक तांबडी कोंबडी अंडी देईना. जिजीनं तिचे दाणे बंद केले. कोंबडी चार दिवस जिजीच्या अंगणात फिरली, मग बोळ ओलांडून आमच्याकडे आली, माझ्या सांडलेल्या ज्वारीवर पोट भरलं आणि आमच्या कडब्यात अंडं घातलं. मी ते अंडं घेऊन जिजीकडे गेले. जिजीनं ते उन्हात धरून बघितलं.

"बघ. ताण दिला, अंडं आलं."

"पण माझ्या घरी आलं, जिजी."

"जागा तिची चुकली. त्यात ताणाची काय चूक?"

त्यानंतर ती कोंबडी आमच्याकडेच अंडी देत राहिली आणि जिजी रोज सकाळी येऊन ते अंडं अभिमानानं घेऊन जात राहिली. दाणे आमचे होते.

मग एका वर्षी तिनं नानांना ताण दिला. नानांनी तिला रामनवमीला जांब समर्थच्या देवळात न्यायचं कबूल केलं होतं. जिजी लुगडं नेसून, डबा बांधून बसली आणि नाना बागेत गेले ते संध्याकाळीच परत आले. त्या दिवसापासून जिजीनं त्यांच्याशी बोलणं बंद केलं. ताट पुढे सरकवायची, तांब्या ठेवायची, शब्द नाही. मला सांगायची, "बघ आता कशी पालवी फुटती. आठ दिवसांत स्वतः म्हणतील, चल कौसा, जांबला जाऊ."

नानांना पालवी फुटली, पण वेगळी. त्यांच्या तोंडावर तेज आलं. ते दुपारी बाजेवर निवांत झोपू लागले. जेवण दोन घास वाढलं. एकदा मी ताक द्यायला गेले तेव्हा, मला आठवतं, ते पहिल्यांदाच माझ्याशी आपण होऊन बोलले.

"सुमन, तुझ्या जिजीला सांग. बहार चांगला पायजे असंल तर ताण जरा वाढवावा लागतो."

जिजी आतून ऐकत होती. ती बाहेर आली आणि तिचा ताण तिथंच तुटला.

"आवं, मी तुमच्याशी बोलून न्हाई राह्यले, हे तुमच्या ध्यानात तरी आलं का?"

"आलं की," नाना म्हणाले. "म्हणून तर कुणाला काही बोललो न्हाई. नजर लागंल म्हणलं."

मलाही तिनं ताण दिला होता. नवी असताना मी दुकानात एकटी जात नसे. जिजी बरोबर यायची आणि माझ्या वतीनं बोलायची, "हिला पावशेर साखर द्या, हिला काडीपेटी द्या." एक दिवस आम्ही दोघी चौकातल्या दुकानात गेलो आणि जिजी बोललीच नाही. दुकानदार विचारतोय, "काय पाहिजे वहिनी?" मी जिजीकडे बघते. जिजी वर टांगलेल्या झाडूंकडे बघते. दुकानदारानं मागून आलेल्या लोकांचा माल दिला, पुन्हा विचारलं. माझ्या कानांतून वाफ निघत होती. शेवटी माझ्या तोंडातून शब्द निघाला, "साबण."

बाहेर आल्यावर जिजीनं माझ्या पाठीवर अशी थाप मारली की साबण हातातून पडला.

"फुटला की कोंब!"

मला खरं तर चहापत्ती हवी होती. पण तेवढं सांगायला पुन्हा आत जावं लागलं असतं.

हे सगळं हसण्यावारी जाण्यासारखं होतं. रंजनाचं तसं नव्हतं.

रंजना ही जिजीची एकुलती एक लेक. राजूरला दिलेली. ती रोज दिवेलागणीला आईला फोन करायची. बोलणं काही मोठं नसायचं. काय केलंस, काय खाल्लंस, नाना कुठं गेलेत, एवढंच. पण ती वेळ झाली की जिजी कुणालाही अर्ध्या वाक्यात सोडून घरी पळायची.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीला रंजना माहेरी आली आणि नानांना ओवाळून झाल्यावर म्हणाली, "जिजी, मी राजूरला गणपतीच्या रस्त्यावर भज्यांचं दुकान टाकून राह्यले."

मी फराळाचं ताट परत द्यायला गेले होते, ते हातात घेऊन दारातच उभी राहिले.

जिजीच्या तोंडातली काडी पहिल्यांदा बाहेर आली. "भज्यांचं? तुझ्या बापाची बाग हाये, नवऱ्याला शेती हाये, अन् तू रस्त्यावर बसून भजे तळणार? जाणारे येणारे लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, दोन प्लेट द्या," रंजना म्हणाली.

नानांना हसू आलं, ते त्यांनी खोकला करून लपवलं. जिजीला ते दिसलं आणि तिचा राग दुप्पट झाला. ती म्हणाली, ते दुकान बंद होईपर्यंत मला फोन करायचा नाही. रंजनानं आईकडे मान वाकडी करून, एका डोळ्यानं बघितलं. "बरं," म्हणाली, आणि पिशवी उचलली.

ती गेल्यावर जिजी माझ्या ओट्यावर येऊन बसली. "महिनाभर ताण देते. बराबर येती वठणीवर. बागेवाणी."

बागेलाही त्याच सुमारास ताण दिला होता. दोन्ही ताण एकदम चालू झाले.

पहिले काही दिवस जिजी खुशीत होती. मग दिवेलागणीला ती माझ्याकडे येऊ लागली. हातात तिचा बटणांचा फोन. "सुमे, याला रेंज हाये का बघ." रेंज असायची. "बॅटरी?" बॅटरी असायची. "याची घंटी बिघडली असंल. तू तुझ्या फोनवरून लावून बघ." मी लावायची. घंटी खणखणीत वाजायची. जिजी ती पूर्ण वाजू द्यायची, बंद होईपर्यंत बघत राहायची आणि म्हणायची, "वाजती तर खरी."

एकदा खरंच फोन आला. जिजीनं एवढ्या घाईनं कानाला लावला की काडी घशात जायची राहिली. तिकडून कंपनीची बाई बोलत होती, रेकॉर्ड केलेली, अमुक योजना घ्या आणि तमुक बटण दाबा. जिजीनं सगळं ऐकून घेतलं. मध्ये दोनदा "हां, हां" पण म्हणाली. फोन बंद झाल्यावर मला म्हणाली, "किती गोड बोलती बाई ही. कुणाची लेक असंल?"

संक्रांत आली. जिजीनं तिळाचे लाडू केले. घरात खाणारी माणसं दोन, आणि लाडू डबाभर. मी विचारलं, एवढे कुणाला? "मुंग्यांना," जिजी म्हणाली आणि डबा फडताळात सगळ्यात वर ठेवला, जिथं मुंगीलाही चढायला दिवस लागला असता.

तिच्या तोंडावरचं मांस उतरलं होतं. ती शिकायचंही विसरली होती. माझ्यासमोर उकळतं दूध उतू गेलं, मी वाट बघत राहिले की आता जिजी यातून काही काढेल. तिनं नुसतं फडकं दिलं.

दरसाल संक्रांतीच्या आसपास नाना बागेचा ताण तोडायचे. त्या वर्षी जिजी आडवी आली. "अजून थांबा. यंदा बहार दणकून घेऊ. आपणच आधी नरम पडायचं काय कारण?" नानांनी तिच्याकडे बघितलं. बागेविषयी चाललंय की आणखी कशाविषयी, हे त्यांना कळलं असणार. पण ते नाना होते. ते थांबले.

मग एका सकाळी मी शेळीला गवत कापायला त्यांच्या बांधावर गेले, तेव्हा दोघं बागेत उभे होते. बाग चांगली होती. काळ्या जमिनीत ओल टिकते, त्या झाडांची पानं पिवळी होती पण जीव होता. बांधाकडे मात्र जमीन मुरमाड, तिथं ओल टिकत नाही. तिथलं एक झाड पार उघडं पडलं होतं. एक पान नव्हतं. नानांनी नखानं त्याची साल खरवडली. आत हिरवं दिसायला हवं होतं. तपकिरी दिसलं. दुसऱ्या फांदीची खरवडली, तिथंही तपकिरी. मग त्यांनी एक काडी मोडली, ती कट् करून मोडली.

"हिलाबी बाकीच्यांइतकाच ताण दिला," नाना म्हणाले. "हिची जमीन उथळ होती. माझ्या ध्यानात राह्यलं न्हाई."

त्यांनी स्वतःवर घेतलं. थांबा म्हणाली होती जिजी.

मी विळा हातात धरून उभी. जिजी मान वाकडी करून त्या झाडाकडे बघत होती. मी मनात म्हटलं, आता म्हणेल. काडी या गालातून त्या गालात गेली.

"यात शिकण्यासारखं काही न्हाई," जिजी म्हणाली आणि घराकडे चालू लागली.

त्याच दिवशी नानांनी बागेला पाणी सोडलं. आणि त्याच संध्याकाळी जिजी फोन घेऊन माझ्याकडे आली.

"सुमे, मिस कॉल देता येतो का तुला?"

"कुणाला?"

"कुणालाबी."

"रंजनाला का?"

"मी नाव घेतलं का तिचं?"

मी रंजनाचा नंबर काढला. जिजीनं माझा हात धरला.

"थांब. ताण तोडताना पाट भरून पाणी सोडायचं नसतं. झाड दणका खातं. पहिलं पाणी हलकं. आंबवणीचं. नुसता घसा ओला करायचा. म्हणून एकच रिंग वाजू दे. एकबी न्हाई, अर्धी."

"अर्धी कशी वाजवू, जिजी?"

"वाजली का न्हाई वाजली, असं तिला वाटलं पायजे."

मी बटण दाबलं. तिकडे घंटी लागल्याचा आवाज आला आणि जिजी ओरडली, "काट! काट जल्दी! वाहून जाईल!" मी कापलं. आम्ही दोघी फोन मध्ये ठेवून बसलो. फोन गप. दिवे लागले. कुत्री भुंकून थांबली. जिजी उठून निघाली, बोळापर्यंत गेली आणि तेवढ्यात फोन एकदा वाजून बंद पडला.

"कोण?"

"रंजना. एकच रिंग दिली."

"पुरी का अर्धी?"

"अर्धीच म्हणायची."

जिजीनं पदर तोंडाला लावला. ती हसत होती की काय करत होती, अंधारात मला दिसलं नाही. "पोरगी बागेतलीच हाये," एवढं ती म्हणाली.

पुढे कितीतरी दिवस हे असंच चाललं. संध्याकाळी इकडून एक रिंग, तिकडून एक रिंग. कुणी बोलत नव्हतं. सगळं माझ्या हातून चाललं होतं, कारण जिजीचं बोट बटणावरून वेळेत निघत नसे. नाना बाजेवरून म्हणायचे, "दोघी मायलेकी फुकटात भांडण मिटवून राह्यल्या." बागेत कळी दिसू लागली, वास सुटला, तरी जिजी आंबवणीवरच अडकलेली. शेवटी एकदा नानांनी सांगितलं, "आता मोठं पाणी दे. नुसत्या आंबवणीवर बाग येत न्हाई."

"तिनं द्यावं," जिजी म्हणाली.

आणि तिनंच दिलं. त्या संध्याकाळी रंजनाचा फोन वाजला आणि थांबलाच नाही. जिजीनं तो माझ्या हातात कोंबला. "तू बोल!" आणि भिंतीला पाठ लावून खाली बसली.

मी फोनवर कधी माझ्या आईशीसुद्धा धड बोलले नव्हते.

"हॅलो. जिजी?" रंजना म्हणत होती. "हॅलो? कोण हाये?"

मी म्हणाले, "मी सुमन. जिजी इथंच हाये. ती बोलत न्हाई, पण इथंच हाये."

"काय करून राह्यली?"

"पदर तोंडात धरून बसलीय."

रंजना म्हणाली, "तिला सांग, मी दुकान बंद करणार न्हाई."

मी सांगितलं. जिजीनं पदर काढला. "विचार तिला, मी कधी म्हणले बंद कर म्हणून?"

"ती म्हणते, कधी म्हणले."

"दिवाळीत! दिवाळीत म्हणली न्हाई का?"

"दिवाळीत म्हणलीस म्हणते, जिजी."

"दिवाळीत ताण होता," जिजी म्हणाली. "आता कुठं हाये?"

हे मी जसंच्या तसं सांगितलं. तिकडून रंजनाचा आवाज एकदम बदलला. "तिला म्हणावं, चतुर्थीला ये. गर्दी असती. हात कमी पडून राह्यले."

"मी गणपतीला येणार हाये," जिजी मोठ्यानं म्हणाली, म्हणजे मी सांगायची गरज राहू नये. "दुकानाला न्हाई!"

चतुर्थीला आम्ही निघालो. नाना, जिजी आणि एसटीच्या पाट्या वाचायला मी. जिजीच्या मांडीवर लाडवांचा डबा होता. संक्रांत होऊन गेलेली, लाडू दगड झालेले. राजूरला उतरलो तर रस्ता माणसांनी भरलेला. नारळ, हार, खेळणी, आणि त्यात एका कोपऱ्यात कढईच्या धुराखाली रंजना. पदर खोचलेला, हात पिठानं माखलेले, आणि समोर ही मोठी रांग. वर पत्र्याला एक पाटी होती.

"काय लिवलंय?" जिजीनं विचारलं.

मी वाचलं, "गरम भजे. थांबावं लागेल."

जिजीनं मान वाकडी करून पाटीकडे बघितलं. मग रांगेकडे बघितलं. लोक खरंच थांबले होते, आणि थांबून थांबून आणखी भुकेजले होते.

"आता सांग," ती मला म्हणाली, "हे हिला कुणी शिकवलं?"

गणपती वर डोंगरावर होता. जिजी रांगेत उभी राहिली, पण ती रांग देवाची नव्हती. मी आणि नाना बाजूला. रांग सरकत सरकत जिजीची पाळी आली. रंजना कढईतच बघत होती. मान वर न करता म्हणाली, "किती?"

जिजीनं काडी तोंडातून काढली. डबा दोन्ही हातांनी छातीशी धरला.

"दोन प्लेट द्या," ती म्हणाली.

रंजनाचा झारा थांबला. तिनं वर बघितलं. दोघी एकमेकींकडे एकेका डोळ्यानं बघत राहिल्या. मागचा माणूस म्हणाला, "आवं मावशी, पुढं सरका की."

"थांबावं लागंल," रंजना म्हणाली. तिच्या डोळ्यांत धूर गेला होता.

"थांबलेच की. दिवाळीपासून."

भजी आली. जिजीनं एक तोंडात टाकलं, चावलं, आणि मला कळलं की सगळं बरं झालंय, कारण ती म्हणाली, "बेसन पातळ झालंय तुझं. अन् तेल तापलं न्हाई नीट."

"मंग ये इकडं," रंजना म्हणाली. "तूच तळ."

जिजी गणपतीला गेली ती संध्याकाळी, देऊळ रिकामं झाल्यावर. तोवर तिनं तळलं. परत येताना एसटीत ती आम्हाला सांगत होती, "बघा, मी ताण दिला म्हणून दुकान असं फुललं. सारखी फोन करत बसली असती तर कशाचं काय?"

"बराबर हाये," नाना म्हणाले. "फक्त त्यात पानं कुणाची गळली, ते कुणाला सांगू नको."

जिजीनं खिडकीतून बाहेर बघितलं. बराच वेळ बोलली नाही, आणि नानांना त्याचा आनंद झालेला दिसला नाही.

बांधावरचं ते झाड काही वाचलं नाही. जिजीनं त्याच्या बुडाशी पुष्कळ दिवस बादलीनं पाणी घातलं, कुणी विचारलं तर म्हणायची, बादली धुवायची होती. मग पावसाळ्यात त्याच्यावर वालाचा वेल चढवला. "आपल्या बागेत काम न करता कुणी उभं राह्यचं न्हाई," म्हणाली. वालाच्या शेंगा भरपूर आल्या. माझ्याकडेही सूपभर आल्या.

पुढे माझ्या मालकांना इथं बियाण्याच्या गोदामात काम लागलं आणि आम्ही गाव सोडलं. निघताना जिजी बोळात उभी होती. मला वाटलं काही सांगेल. ती म्हणाली, "दुकानात गेलीस की आधी चहापत्ती माग. साबण मंग." तिला माहीत होतं. इतकी वर्षं माहीत होतं.

शेवटचं पाहिलं ते गेल्या हिवाळ्यात. मी भोकरदनला नणंदेकडे चालले होते. चतुर्थी होती, राजूरला गर्दीत एसटी मुंगीच्या पावलानं चालली होती. खिडकीतून ती पाटी दिसली, आणि पाटीखाली जिजी. रंजना बाजूला पीठ कालवत होती. जिजीनं भज्यांनी भरलेला झारा कढईवर उंच धरला होता. पुढे माणसांनी कागद धरलेले हात पुढे केले होते, आणि जिजी देत नव्हती. लिंबाची काडी हलत होती, म्हणजे बोलत होती. काय बोलत होती ते मला ऐकू येण्याची गरज नव्हती. जरा भूक लागू द्या चांगली.

मला काय झालं कोण जाणे. मी खिडकीतून अर्धी बाहेर वाकले आणि ओरडले, "जिजी!"

सगळी एसटी माझ्याकडे वळली. जिजीनंही वर बघितलं, मान वाकडी केली, मला ओळखलं आणि हातातला झारा तसाच हवेत हलवला. भजी सांडली. रांगेतल्या माणसांनी ती वरच्या वर झेलली आणि परातीतलीही उचलायला सुरुवात केली. जिजी उलटी फिरली आणि झाऱ्यानं सपासप हातांवर मारू लागली. तेवढ्यात एसटीला वाट मिळाली.

कंडक्टर माझ्याजवळ आला. "काय झालं बाई? उतरायचं हाये का?"

"न्हाई," मी म्हणाले. अजून माझा आवाज मोठाच होता. "नुसती हाक मारली."